टाकसाळीतली चूक की नंतर बसलेला मार? एरर नाणं ओळखायचं कसं

कुणीतरी चेपलेला, घासलेला नाहीतर भोक पडलेला रुपया दाखवतं आणि विचारतं, हे एरर कॉइन आहे ना, किती मिळतील? बहुतेक वेळा ते नाणं टाकसाळीतून अगदी व्यवस्थित बाहेर पडलेलं असतं, आणि त्याचं जे काही झालंय ते नंतर झालेलं असतं, ट्रकच्या चाकाखाली, रेल्वेच्या रुळावर, देवळाच्या उंबऱ्यावर खिळा ठोकताना किंवा कुणीतरी मुद्दाम व्हाइसमध्ये धरून. खरं एरर नाणं, म्हणजे टाकसाळीतच चूक झालेलं, आणि असं नंतर मार खाल्लेलं, दोन्ही विचित्रच दिसतात पण पहिल्याला संग्राहक पैसे मोजतो आणि दुसऱ्याची किंमत छापील आकड्याएवढीच, म्हणून हा फरक कळणं फार गरजेचं आहे, खासकरून नवीन माणसाला, कारण फसतो तोच.

आधी नाणं बनतं कसं ते डोक्यात पक्कं बसवा. धातूच्या पट्टीतून पंचने गोल चकत्या कापतात, त्यांना ब्लँक म्हणतात. मग त्यांची कड थोडी उचलून घेतात, भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, आणि शेवटी ती चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि वरून खालून दोन डाय, म्हणजे चित्र कोरलेले ठसे, एका दणक्यात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार करतात. खरी चूक यातल्याच कुठल्यातरी पायरीवर झालेली असते. त्यामुळे नाणं हातात आलं की मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो, हे यंत्रात नेमकं कुठल्या पायरीला घडलं असेल? उत्तर सापडत नसेल तर बहुतेक मारच आहे.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे उंच की खोल. डायला तडा गेला की दणक्याच्या वेळी धातू त्या तड्यात शिरतो, म्हणजे नाण्यावर ती रेघ उठावदार येते, नखाला लागते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धातू सरकून बारीक बांध तयार झालेला भिंगातून दिसतो. स्टीलच्या रुपया-दोन रुपयांवर असे डाय क्रॅक बऱ्यापैकी सापडतात, स्टील कडक असल्यामुळे डायवर ताण जास्त येतो. छोट्या क्रॅकला फार भाव नसतो, पण शिकायला त्याच्याइतकं चांगलं आणि स्वस्त काही नाही.

आता ब्रोकेज, ज्याला आपल्याकडचे जुने लोक लखी म्हणतात, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. खऱ्या लखीत आधीचं नाणं डायला चिकटून राहतं, मग पुढची चकती आली की तिच्यावर एका बाजूला डायचा नेहमीचा ठसा उठतो आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याचा, म्हणजे तेच चित्र उलटं आणि आत गेलेलं, आरशात दिसतं तसं. नकली करणारा काय करतो, दोन तयार नाणी एकावर एक ठेवून हातोड्याने नाहीतर प्रेसमध्ये दाबतो. मग उलटे आकडे उमटतात खरे, पण त्या बाजूला आधीपासून जे चित्र होतं ते पूर्ण जात नाही, चपटं होऊन खाली कुठेतरी डोकावत राहतं, आणि मागची बाजूसुद्धा चेपते कारण तिला टेकू द्यायला डाय नव्हता. खऱ्या लखीत त्या बाजूला दुसरं चित्र कधी आलेलंच नसतं, त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ असतो आणि मागची बाजू एकदम खणखणीत. ही एवढी एक गोष्ट बघायची सवय लागली तरी बाजारातली बरीच खोटी लखी नाणी तुम्ही हातात घेऊन लगेच परत ठेवाल.

चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं नाणं, म्हणजे क्लिप. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर थोडासा चढला की असा ब्लँक निघतो. इथे वजनकाटा फारसा कामाचा नाही कारण कानसीने घासलेलं नाणंही हलकंच भरणार. बघायचं काय, तर तुटलेल्या भागाजवळची अक्षरं. दणक्याच्या वेळी तिथे कॉलरचा आधार नव्हता, त्यामुळे धातू त्या मोकळ्या बाजूकडे वाहतो आणि अक्षरं ताणलेली, फिकी दिसतात, आणि बऱ्याचदा बरोब्बर समोरच्या बाजूची कडही कमजोर असते कारण कड उचलताना तिथे दाबच नीट बसलेला नसतो. कापलेल्या नाण्यात अक्षर कडेपर्यंत ठसठशीत असतं आणि मग अचानक संपतं, वर कानसीच्या रेघा.

दहा रुपयांच्या नाण्याबद्दल जरा जास्तच लिहितो कारण हल्ली सगळ्यात जास्त खोटेपणा यातच चालतो. 27 मिमी व्यास, साधारण 7.7 ग्रॅम, बाहेर पिवळी रिंग आणि आत पांढरी चकती, आणि दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात ते त्या शेवटच्या दणक्यानेच. मधला भाग नसलेली रिंग एरर म्हणून विकायला येते. पण चकती नसताना रिंगवर दणका बसला असता तर आतला धातू भोकाच्या दिशेने पसरला असता, भोकाची कड गोलसर, वेडीवाकडी झाली असती. आतली भिंत सरळ असेल आणि भोक मूळ मापाचं असेल तर चकती नंतर काढलेली आहे, विषय संपला. दुसरी चलाखी म्हणजे मधली चकती सैल करून फिरवायची आणि डाय रोटेशन, म्हणजे डाय फिरून बसल्याची चूक, म्हणून विकायचं. आपली नाणी वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटांत धरून गरकन फिरवली की मागची बाजूही सरळच यायला पाहिजे. खऱ्या रोटेशनमध्ये मागची बाजू अख्खी कलते, रिंग आणि मध्य दोन्ही एकत्र. हाताने फिरवलेल्यात रिंगवरची अक्षरं दोन्ही बाजूंना जागच्या जागी असतात आणि फक्त मधलं कललेलं असतं, तेही दोन्हीकडे सारख्याच कोनात. एकाच धातूच्या नाण्यात मात्र नंतर रोटेशन करताच येत नाही, म्हणून नवीन माणसाने सुरुवात करायची तर मी तिथूनच करा म्हणेन.

काही गोष्टी ना चूक ना मार, साधं डिझाइन असतं. दहाच्या नाण्यावर दहा रेघा की पंधरा यावरून केवढा गोंधळ झाला होता, शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तोपर्यंतची चौदाही डिझाइन चालतात. तसंच मिंट मार्क, म्हणजे टाकसाळीची खूण, नाही म्हणून एरर असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची खूणच नसते. सालाचा एखादा आकडा गायब असेल तर डायमध्ये ग्रीस भरलेलं असू शकतं, पण त्या जागेचा पोत आजूबाजूसारखाच हवा, तिथे वेगळी चमक किंवा घासल्याच्या रेघा दिसल्या की हात काढून घ्या.

रंगाचंही तेच. सोनेरी दिसणारा स्टीलचा रुपया बहुतेक वेळा मुलामा दिलेला असतो. दोन्ही बाजूंना सिंह असलेलं नाणं आलं तर कडेच्या आत भिंगाने गोल फिरून बघा, जादूवाल्यांची अशी नाणी दोन नाणी पोखरून जोडलेली असतात आणि जोड तिथेच लपवलेला असतो. चांदीच्या जुन्या रुपयावर कडेला झाळ दिल्याचा बारीक गोळा दिसला तर तो हारात ओवण्यासाठी लावलेला कोयंडा काढल्याची जागा आहे, आणि सराफांनी कस बघायला मारलेल्या खुणा हासुद्धा नंतरचाच मार, मग त्यामागे इतिहास कितीही असो.

विकत घेताना फोटोत कड मागा, वजन मागा. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅम आणि दोन रुपये 4.85 ग्रॅम, त्यामुळे दोनचा ठसा रुपयाच्या चकतीवर आहे असं कुणी म्हणत असेल तर दागिन्यांचा छोटा काटा लगेच सांगतो. आणि विकायला गेल्यावर कुणी आधी कमिशन किंवा टॅक्स भरा म्हणालं तर तिथेच थांबा, ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच लोकांबद्दल सावध केलं होतं.

हे सगळं यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचं झालं. शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, यातलं काहीच लावू नका. ती हाताने, हातोड्याने पाडलेली, ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ मधलं एखादं अक्षर बाहेर जाणं, ‘छत्रपति’ अर्धंच येणं, ठसा दोनदा बसणं हे तिथे रोजचंच होतं. ऑफ-सेंटर एरर, म्हणजे ठसा मध्यावर न बसल्याची चूक, आहे असं सांगून कुणी शिवराईचे जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका, उलट जिच्यावर सगळी अक्षरं पूर्ण आली आहेत ती शोधा, दुर्मिळ ती आहे.