सांडपाण्यातल्या जीवाणूंना तांबे किती सोसते?

नदीत तांब्याची नाणी टाकली की पाणी शुद्ध होते, असा संदेश सणावाराला मोबाइलवर हमखास येतो. आजची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असतात, हे बाजूला ठेवले तरी ही समजूत घातक आहे, कारण पाण्यातल्या अमोनियाचा निचरा करणारे जीवाणू तांब्याच्या आधाराने जगतात आणि थोडे जास्त झाले की तांब्यानेच मरतात.

बेळगावात शहापूर-वडगावच्या शिवारातला बळ्ळारी नाला ज्याने पाहिला आहे, त्याला सांडपाणी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. शुद्धीकरण प्रकल्पात हवा खेळवलेल्या टाकीत काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात आणि पुढे प्राणवायू नसलेल्या टाकीत आणखी वेगळे जीवाणू त्याचा नत्रवायू करून हवेत सोडतात.

यातली पहिली पायरी मला सर्वांत विलक्षण वाटते. अमोनियाला ऑक्सिजन जोडणारे विकर (एन्झाइम) पेशीच्या पटलात रुतलेले असते आणि त्याच्या कामाच्या जागी तांब्याचे अणू बसलेले असतात. ते नसतील तर विकर चालतच नाही. परंतु पेशीत मोकळे तांबे वाढले की ते गंधकाला जाऊन चिकटते, अनेक प्रथिनांमध्ये लोह आणि गंधकाचे जे पुंजके असतात त्यांतले लोह हुसकावते आणि ती प्रथिने निकामी करते. अथणीकडचे द्राक्षबागायतदार केवडा रोग रोखायला मोरचूद (तांब्याचे सल्फेट) आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, ते तांब्याच्या विषारीपणाच्याच भरवशावर. कॅडमियम आणि पारा हेही गंधकाला धरतात, आणि त्यांचा तर या जीवाणूंना काडीचाही उपयोग नाही.

टाकीत एकूण धातू किती, यापेक्षा मोकळ्या आयनांच्या रूपात किती, हे महत्त्वाचे असते. जीवाणूंच्या गुठळ्यांभोवतीचा चिकट लेप बराच धातू अडवून ठेवतो. पण अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, सामू (pH) उतरतो आणि अडवलेला धातू पुन्हा सुटू लागतो.

आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो, तर या जीवाणूंना त्यासाठी कित्येक तास, पुष्कळदा एक दिवसाहूनही अधिक लागतो. त्यामुळे एका रात्री सोडलेल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या कामातल्या, धुवणपाण्याची भरपाई व्हायला काही आठवडे जाऊ शकतात. बिघाडाची पहिली खूण मात्र फसवी असते: 1 ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट करायला सुमारे 4.57 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि तो वापरणारे जीवाणूच गारद झाले की मीटरवर विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा वर चढतो. नवख्याला वाटते, टाकी सुधारली. नमुन्यात अमोनिया ओळखणाऱ्या नेसलर द्रावणाचे थेंब पडून पिवळा रंग तपकिरीकडे झुकला, की अमोनिया तसाच राहिल्याचे कळते.

उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत म्हणूनच धातूचे पाणी गटारात मिसळण्याआधी कारखान्यातच अडवले पाहिजे. मोरचुदाच्या टाकीचे धुवण वेगळे साठवून त्यात सामू 9 च्या आसपास येईल इतका चुना घातला, तर बरेचसे तांबे निळसर गाळ होऊन तळाशी बसते.