सार्थ, दोर आणि सोबती : सामूहिक भटकंतीच्या पूर्वतयारीची पार्श्वभूमी

डोंगरात, रानात किंवा लांबच्या प्रवासाला एकत्र निघणारा कोणताही गट आज काही गोष्टी गृहीत धरून चालतो. सामानाची यादी आधी केली जाते, पुढे कोण चालणार आणि सर्वांत मागे कोण राहणार हे ठरते, सामायिक वस्तूंचे ओझे वाटून घेतले जाते आणि कितीही वाजता कुठेही पोहोचलो असलो तरी अमुक वेळेला परत फिरायचे, असे निदान बोलले तरी जाते. या गोष्टी कोणा एकाने बसून ठरवलेल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेकींच्या मागे फसलेले प्रवास आहेत, आणि ते प्रवास बारकाईने पाहिले तर सामान कमी पडण्याआधी माणसांमाणसांतले काहीतरी बिघडलेले होते असे वारंवार दिसते.

संस्कृतात व्यापाऱ्यांच्या तांड्याला ‘सार्थ’ आणि त्याच्या प्रमुखाला ‘सार्थवाह’ म्हणत. पाली जातककथांपैकी वण्णुपथ जातकात अशाच एका सार्थाची हकीगत आहे. साठ योजनांचे (योजन हे अंतराचे जुने माप) वाळवंट, दिवसा निखाऱ्यासारखी तापणारी वाळू, त्यामुळे दिवसभर छताखाली पडून राहायचे आणि रात्री चालायचे, असा त्यांचा क्रम होता. गाड्यांवर पाणी, सरपण, तेल आणि तांदूळ लादलेले होते. सर्वांत पुढच्या गाडीवर ताऱ्यांवरून दिशा सांगणारा वाटाड्या बसे, त्याला कथेत ‘थलनिय्यामक’, म्हणजे जमिनीवरचा सुकाणूधारी, म्हटले आहे. एकुणसाठ योजना मागे पडल्यावर आता एकच रात्र उरली, या समजुतीने तांड्याने उरलेले पाणी आणि सरपण टाकून दिले. त्याच रात्री अनेक दिवसांच्या जागरणाने थकलेल्या वाटाड्याला झोप लागली, बैल वळले आणि उलटे चालू लागले. पहाटे त्याला जाग आली, त्याने गाड्या वळवा म्हणून ओरडून सांगितले, पण तोवर उजाडले होते आणि तांडा आदल्या दिवशीच्याच तळावर उभा होता.

पुढचा भाग अधिक परिचित आहे. माणसे हताश होऊन गाड्यांखाली आडवी झाली, सार्थवाह मात्र फिरत राहिला, त्याला गवताचा एक झुबका दिसला आणि त्याने तिथे खणायला लावले. साठ हात खोल गेल्यावर खडक लागला. इतरांनी आशा सोडली तेव्हा तो खाली उतरला, खडकाला कान लावला, आत पाण्याचा आवाज ऐकला आणि एका पोऱ्याकडून तो खडक घणाने फोडून घेतला. कथेचे तात्पर्य चिकाटी हे आहे. पण प्रवासाच्या तयारीचा विचार करणाऱ्याने कथेच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. या तांड्याची तयारी उत्तम होती. तिच्यात दोनच उणिवा होत्या : वाटाड्याला विश्रांती देणारा दुसरा माणूस नव्हता, आणि मुक्काम गाठण्याआधीच राखीव साठा सोडून देण्याच्या निर्णयाला कोणी हरकत घेतली नाही.

ही कथा झाली. प्रत्यक्ष नोंद हवी असेल तर चौदाव्या शतकातल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाकडे जावे लागते. १३५२ साली तो सिजिलमासाहून सहारा ओलांडण्यासाठी एका काफिल्याबरोबर निघाला. तघाझा या मिठाच्या खाणींच्या गावानंतर निर्जल टापू सुरू होई. पुढे तासरहला या पाण्याच्या मुक्कामावरून ‘तकशीफ’ नावाने ओळखला जाणारा माणूस काफिल्याच्या पुढे एकटा पाठवला जाई. तो वाळवंटापलीकडच्या वलाता येथील ओळखीच्या लोकांना पत्रे पोहोचवी, आणि ते लोक चार दिवसांच्या अंतरावर पाणी घेऊन सामोरे येत. तो वाटेत मेला, तर पलीकडच्यांना काफिल्याची खबरच लागत नसे आणि मागचे बहुतेक सगळे मरत.

याच प्रवासात इब्न झिरी नावाच्या माणसाचे आपल्या मामेभावाशी भांडण झाले. तो रागाने मागे रेंगाळला, रस्ता चुकला आणि मुक्कामावर पोहोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी एकाने त्याच्या पावलांचा माग काढण्याचा प्रयत्न केला, पण पत्ता लागला नाही. पुढे भेटलेल्या दुसऱ्या काफिल्यानेही आपली काही माणसे हरवल्याचे सांगितले, आणि त्यांतला एकजण वाटेत झुडपाखाली मरून पडलेला सापडला. अंगावर कपडे तसेच होते, हातात चाबूक होता आणि पाणी तिथून जेमतेम मैलभरावर होते. तोवर इब्न बतूता आणि त्याचे सोबती चारा पाहून काफिल्याच्या पुढे निघून जात असत. या घटनेनंतर आपण कधी पुढे गेलो नाही आणि मागेही राहिलो नाही, असे त्याने नोंदवले आहे. आजच्या पदभ्रमणात म्होरक्याला ओलांडायचे नाही आणि शेवटच्या माणसाच्या मागे राहायचे नाही असा जो दंडक असतो, त्याची इतकी स्पष्ट जुनी नोंद मला अन्यत्र आढळलेली नाही.

व्यापार, यात्रा किंवा युद्ध यांसाठी एकत्र निघणे ही गरज होती. निव्वळ आनंदासाठी अनोळखी लोकांनी एकत्र निघण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिच्यात लवकरच दोन वाटा फुटल्या. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसांना माणशी एक शिलिंग घेऊन रेल्वेने नेले. दारूबंदीच्या प्रचारसभेसाठी काढलेल्या या सहलीतून आयोजित पर्यटनाचा पायंडा पडला : तयारी आयोजकाने करायची, प्रवाशाने पैसे भरून वेळेवर हजर राहायचे. दुसरी वाट १८५७ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या अल्पाइन क्लबसारख्या गिर्यारोहकांच्या मंडळांची होती. तिथे तयारीची जबाबदारी जाणाऱ्यांवरच होती आणि चुकीची किंमतही त्यांनाच मोजावी लागे.

ती किंमत साऱ्या युरोपला दिसली ती १४ जुलै १८६५ रोजी. आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या शिखरावर त्या दिवशी प्रथमच माणूस पोहोचला. एडवर्ड व्हिम्परसह सातजण होते, परंतु हा गट मुळात एक नव्हता. वेगवेगळ्या बेतांनी पायथ्याच्या झेरमॅट गावात आलेली माणसे ऐन वेळी एकत्र आली होती. त्यांतला डग्लस हॅडो १९ वर्षांचा आणि अशा चढाईला नवखा होता. उतरताना सर्वांत पुढे मिशेल क्रोझ हा वाटाड्या होता. आपली हिमकुऱ्हाड बाजूला ठेवून तो हॅडोचे पाय हाताने धरून एकेका खाचेत टेकवून देत होता. क्रोझ पुढे वळत असताना हॅडो घसरला, त्याच्या अंगावर आदळला, आणि त्या दोघांच्या भाराने मागचे हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. वर थोरला पीटर टॉगवाल्डर, व्हिम्पर आणि धाकटा टॉगवाल्डर घट्ट उभे राहिले, पण लॉर्ड डग्लस आणि थोरला टॉगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे कोसळून मेले, तिघे वाचले.

झेरमॅटमध्ये चौकशी झाली. गटाजवळ तीन प्रकारचे दोर होते आणि तुटला तो त्यांतला सर्वांत जुना, सर्वांत कमजोर आणि खरे तर राखीव म्हणून आणलेला दोर होता. त्याचा तुकडा आजही झेरमॅटच्या संग्रहालयात आहे. तो काचेआड ठेवलेला तुकडा इतका बारीक आहे की चार माणसांचा भार त्यावर सोपवण्याची कल्पनाच करवत नाही. चर्चा मुख्यतः दोराचीच झाली, टॉगवाल्डरने तो मुद्दाम कापला असा निराधार संशयही घेतला गेला. पण दोराआधीचे प्रश्न अधिक महत्त्वाचे होते. नवख्याला बरोबर घ्यायचे की नाही हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले? सात माणसे एकाच दोरात का बांधली गेली? कोणता दोर कुठे लागतो आहे, हे निघण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तपासले का? सोबत्याची गाठ आपण तपासायची आणि आपली त्याने, ही आज प्रत्येक प्रस्तरारोहण वर्गात पहिल्याच दिवशी शिकवली जाणारी सवय याच प्रश्नांचे उत्तर आहे.

वेळेचा हिशेब त्यानंतर आला. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला : दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. नकाशावरून दिवसाचा अंदाज बांधण्यासाठी तो अजूनही वापरला जातो. मात्र त्यात धडधाकट माणूस गृहीत आहे, आणि गटाचा वेग नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याइतकाच असतो. म्हणून थकवा आणि तंदुरुस्ती यांनुसार त्यात पुढे दुरुस्त्या सुचवल्या गेल्या.

सोबत म्हणजे किती जवळीक, याचे टोक ध्रुवीय प्रवासांत दिसते. १८८८ साली नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचा हिमपठार ओलांडला, तेव्हा सहा माणसांसाठी रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच स्लीपिंग बॅग होत्या, प्रत्येकीत तिघे. वजन वाचे आणि एकमेकांची ऊब मिळे. पुढे १८९५ मध्ये उत्तर ध्रुवाचा प्रयत्न सोडून परतताना नान्सेन आणि यालमार योहानसेन यांना फ्रान्झ जोसेफ लँडवर दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या खोपट्यात हिवाळा काढावा लागला. ते दोघे एकाच बॅगेत झोपत. तरीही ते एकमेकांना अहो-जाहो करत आणि अरे-तुरेवर आले ते त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. इतक्या अडचणीच्या जागेत राखलेले ते औपचारिक अंतर मला हास्यास्पद वाटत नाही. महिनोन्‌महिने एकाच माणसाच्या श्वासाशेजारी झोपताना थोडे अंतर जपणे, हीही एक तयारीच होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी ही भटकंती तरुणांच्या हाती आली. बर्लिनजवळच्या स्टेग्लिट्झमध्ये १९०१ साली वांडरफोगेल ही चळवळ संघटित झाली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी वेगवेगळ्या सामाजिक थरांतील सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले आणि त्यांना चार लहान पथकांत विभागून प्रत्येक पथकाचा कारभार त्यातल्याच एका मुलाकडे सोपवला. २६ ऑगस्ट १९०९ रोजी रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची विद्यार्थ्यांसह निघालेली पदयात्रा वादळी पावसात सापडली. एका शाळेच्या वर्गात, शेतकऱ्याने दिलेल्या पेंढ्यावर मुले झोपली. विजांच्या कडकडाटात जागे राहिलेल्या शिरमानच्या मनात त्या रात्री विचार आला की, सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा गटांना निवारा का देऊ शकणार नाहीत. त्यातूनच १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात युवा वसतिगृह उभे राहिले आणि युथ हॉस्टेलची कल्पना जगभर गेली.

सामानाच्या यादीला नेमके रूप मिळाले ते १९३० च्या दशकात. सिॲटलच्या ‘द माउंटेनिअर्स’ या संस्थेने आपल्या गिर्यारोहण वर्गासाठी दहा आवश्यक वस्तू सांगितल्या. नकाशा, होकायंत्र, जादा कपडे, जादा अन्न, विजेरी, प्रथमोपचाराचे साहित्य, चाकू, आगपेटी अशी ती यादी होती आणि ती प्रत्येकाच्या पाठीवर असावी असा दंडक होता. २००३ मध्ये संस्थेने वस्तूंऐवजी दिशा, प्रकाश, ऊब, निवारा अशा गरजांच्या भाषेत ती पुन्हा मांडली.

यादी वस्तूंची करता येते, स्वभावाची कशी करणार? १९६५ साली वायोमिंगमध्ये मैदानी नेतृत्वाची शाळा काढणाऱ्या पॉल पेट्झोल्ट यांनी हा प्रश्न अंगावर घेतला. १९३८ च्या के-टू शिखराच्या मोहिमेवर जाऊन आलेल्या या गिर्यारोहकाने सहप्रवाशांशी वागणे हे दोराच्या गाठीइतकेच शिकवण्याजोगे कौशल्य मानले आणि त्याला ‘मोहिमेचे वर्तन’ असे नाव दिले. ओझ्यातला आपला वाटा न सांगता उचलणे, त्रास होत असेल तर तो लपवून न ठेवता वेळेवर बोलणे, रुसवा दुसऱ्या दिवसावर न नेणे, या गोष्टी तिथे अभ्यासक्रमाचा भाग झाल्या. इब्न झिरीच्या काफिल्यात यातले काही असते तर तो कदाचित मुक्कामावर पोहोचला असता.

गट असणे म्हणजे सुरक्षित असणे, हा समज मात्र पुढे ढळला. १९९६ च्या मे महिन्यात १० आणि ११ तारखेला एव्हरेस्टवर वादळात आठजण मरण पावले. त्या दिवशी अनेक आरोहक परत फिरण्याची दुपारी दोनची वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले होते. आयन मॅकॅमन या अमेरिकी संशोधकाने हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा धोक्याच्या खुणा समोर असूनही अनेक गट पुढे गेल्याचे दिसले. ओळखीची जागा, आधी ठरलेला बेत सोडवत नसणे, इतरांच्या नजरेत कमी पडण्याची भीती आणि ‘त्याला जास्त कळते’ म्हणून एकावर टाकलेला भार, ही त्यांनी दाखवलेली कारणे होती. वाटाड्यावर विसंबून पाणी ओतून देणाऱ्या तांड्याचेच ते वर्णन वाटते.

हिमाळ प्रदेशात आज अंगाला बांधले जाणारे संदेशक यंत्र या इतिहासाच्या शेवटच्या टप्प्यातले. १९६८ साली ते प्रथम तयार झाले. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला स्वतःच्या यंत्राचा काहीही उपयोग नसतो. त्याचा संकेत सोबत्यांच्या यंत्रांनी पकडायचा असतो, आणि तोही पहिल्या काही मिनिटांत. म्हणून निघण्यापूर्वी एकजण वाटेच्या तोंडाशी आपले यंत्र शोधाच्या बाजूला वळवून उभा राहतो, बाकीचे काही पावलांचे अंतर ठेवून एकेक करून त्याच्यासमोरून जातात, तो प्रत्येकाचा संकेत ऐकू आल्याची खूण करतो, आणि शेवटी कोणीतरी थांबून त्याचेही यंत्र तपासतो.