घरदेखभालीचा धंदा (कोकण)

कौलं शाकारणं (पावसाआधी फुटकी बदलून नीट बसवणं), विहिरीवरचा पंप, नळ, वायरिंग, टाकी धुणं, ढासळलेला गडगा, म्हणजे आवाराची दगडी भिंत, रचणं, आवारातलं रान मारणं असली कामं एकट्याने नाहीतर दोन-चार जणांनी मिळून पैसे घेऊन करून द्यायची, हा घरदेखभालीचा धंदा. चालतो सगळीकडेच, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात याला एक वेगळीच भानगड आहे, गिऱ्हाईक घरात नसतंच. ते मुंबईला, ठाण्याला नाहीतर पुण्याला आणि घराला कुलूप. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली, एकट्या रत्नागिरीची जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, म्हणजे कुलपं किती वाढली असतील बघा. त्यामुळे इथे मार्केटिंग म्हणजे मुळात किल्ली मिळवणं.

किल्ली बॅनर लावून मिळत नाही. गणपतीत फाट्यावर चाकरमान्यांच्या स्वागताचे इतके बॅनर असतात की त्यात प्लंबरचा कोण वाचणार. खरी जाहिरात होते गावाच्या मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईतल्या गाववाल्यांच्या संघटनेच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, तिथे एखादी काकी लिहिते की आमचं पडवीचं काम अमक्याने केलं, नीट केलं, की त्या आठवड्यात चार फोन येतात. वाडीतल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेला बक्षीस ठेवणं हा दुसरा मार्ग, त्याने नाव होतं पण काम मिळतंच असं नाही. गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट काढता येतं, दुकान नसेल तर पत्ता लपवून नुसती कामाची गावं टाकायची सोय आहे, आणि होमस्टेवाले किंवा बाहेरून येऊन जागा घेतलेले लोक तिथेच शोधतात. गाववाला मात्र आधी आतेभावालाच विचारतो.

यात सगळ्यात जास्त चालतं ते फोटो पाठवणं. शाकारणीचंच घ्या. माणूस शिडी लावून वर चढतो, माकडांनी फोडलेली कौलं, सरकलेला कोना, वाळवी लागलेली रीप (कौलाखालची लाकडी पट्टी) यांचा एकेक फोटो काढतो, मग काम झाल्यावर त्याच जागेवरून परत फोटो, आणि खाली उतरून फुटकी कौलं खळ्यात ओळीने मांडून एक फोटो, म्हणजे बोरिवलीत बसलेल्या माणसाला मोजता येतं की बावीस फुटली आणि बावीसच नवीन लागली. हा शेवटचा फोटो न पाठवणारे बरेच जण आहेत आणि 'तुम्ही जास्त कौलं लावलीत' ही भांडणं त्यांच्याच वाट्याला येतात. रेंज नसेल तर फोटो तिठ्यावर येऊन पाठवायचे, पण त्याच दिवशी.

वर्षाचं गणित पावसावर आणि सणांवर. शिमग्याआधी साफसफाई, एप्रिल-मे शाकारणी, मृग लागायच्या आत सगळं झाकलेलं पाहिजे, मग गणपतीच्या पंधरा दिवस आधी पंप, नळ, लाईट, रंग असा नुसता धुमाकूळ. गंमत म्हणजे मे महिन्यात आंबा-काजूही असतो, त्यामुळे माणसं मिळत नाहीत, शाकारणीसाठी मार्चमध्येच नाव लिहून अ‍ॅडव्हान्स घेणारा सुटतो, बाकीचे मे संपत आला की पळापळ करतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे पत्रे-कौलं उडाली तेव्हा कारागीर आणि माल दोन्हीसाठी वणवण होती, अशा वेळी ओळखीचं घर आधी झाकलं जातं हे कोणी कबूल करत नाही पण तसंच असतं. पावसाळ्यात कमाई बसते, म्हणून महिन्याचं ठरावीक पॅकेज. आठवड्याला घर उघडायचं, वारा खेळू द्यायचा, गळती बघायची, पंप दहा मिनिटं चालवायचा.

दर सांगताना मजुरी वेगळी आणि माल वेगळा लिहून द्यावा, तोंडी अजिबात नको. सामाईक घर असेल तर जास्तच जपायचं. सातबाऱ्यावर पाच नावं, काम सांगतो एक भाऊ, पैसे मागितले की तो म्हणतो बाकीच्यांचा हिस्सा आला की देतो, आणि तो हिस्सा पुढच्या गणपतीपर्यंत येत नाही. (आमच्या घरचं पाण्याच्या टाकीचं बिल असंच दोन वर्षं रखडलं होतं, चूक आमचीच.) शहाणा माणूस आधीच विचारतो, पैसे कोणाच्या फोनवरून येणार? आणि निम्मे यूपीआयवर आल्याशिवाय शिडी लावत नाही.

अलिबाग-मांडव्याकडे प्रकार वेगळा, तिथे बंगलेवाले, २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट येतात, त्यांना वर्षाचा करार लागतो आणि बिलही. खाऱ्या हवेने एसीचं बाहेरचं युनिट लवकर सडतं, त्यामुळे सर्व्हिसिंगला मरण नाही.

वाढवायचं म्हटलं की अडतं ते हातांवर, गिऱ्हाइकांवर नाही. कौलावर पाय कुठे द्यायचा ते कळणारी पोरं कमी, नवीन घरांना स्लॅब, शिकणार कुठे. गवंडी-सुतारांना २०२३ पासून विश्वकर्मा योजनेत ५ टक्क्यांनी कर्ज मिळतं, प्लंबर-वायरमन त्यात नाहीत. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नयेत. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या तालुक्यातली कामं घेतली की पेट्रोल आणि घाटातला वेळ यात नफा जातो, म्हणून बहुतेक जण तिकडचं काम तिकडच्याच माणसाला देतात आणि किल्ली मात्र स्वतःकडे ठेवतात, भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक किल्लीला नायलॉनच्या दोरीने पुठ्ठा बांधलेला आणि त्यावर घराचं नाव नाही, नुसता आकडा, कोणाचा आकडा कुठला ते वहीत.