जलसंजीवनी

अतिसार, पटकी (कॉलरा) किंवा उलट्यांमुळे शरीरातून गेलेले पाणी व क्षार तोंडावाटे भरून काढण्यासाठी पाजायचे ग्लुकोज व क्षारांचे द्रावण. ओआरएस या नावानेही ते परिचित आहे. पाण्यासारखे जुलाब होऊन मूल दगावते ते मुख्यतः शोष (शरीरातील पाणी कमी होणे) पडल्यामुळे. त्यामुळे या द्रावणाचे काम जुलाब थांबवण्याचे नाही, शोष टाळण्याचे आहे.

लहान आतड्याच्या अस्तरपेशी सोडियम व ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनावाटे आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. हा जोडवहनाचा सिद्धांत अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडला. पटकीच्या विषामुळे आतड्यातून पाणी झरत असतानाही ही वाट शाबूत राहते. नुसत्या मीठपाण्याचा मात्र अशा वेळी फारसा उपयोग होत नाही.

या उपचाराच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. कोमट पाण्यात सैंधव व गूळ घालून देण्याचा उपाय सुश्रुताच्या नावे सांगितला जातो. तथापि पेय देण्याची प्रथा आणि प्रमाणबद्ध उपचार यांत फरक करणे इष्ट. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पटकीच्या १८६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या पेयात मीठ व ग्लुकोज दोन्ही होती. मात्र तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता आणि शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाचे मोजमापही नव्हते, म्हणून त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. ढाक्यात अमेरिकन डॉक्टर डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये अशी मोजमापे करून शिरेतून द्यावयाच्या द्रवात सुमारे ८० टक्के बचत दाखवली. शास्त्रीय सिद्धतेचा मान ढाक्याकडे जाणे रास्त होय. पण चॅटर्जी यांचे अग्रक्रमत्व नाकारता येत नाही. व्यवहारातील कसोटी १९७१ मध्ये बनगाव (प. बंगाल) येथील निर्वासित छावणीत लागली. सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पिशव्या भरून घेतल्या आणि द्रावण पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्युप्रमाण ४ टक्क्यांखाली आले. आईच्या हातची वाटी व चमचा पुरेसा ठरतो, हे तिथे दिसले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आरंभीच्या प्रमाणित पुडीत खाण्याचा सोडा असे. दमट हवेत ती टिकत नसल्याने १९८० च्या दशकाच्या मध्यास त्याऐवजी सायट्रेट आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या सुमारास द्रावणाची तर्षणता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) ३११ वरून २४५ मिलिऑस्मोल प्रतिलिटर इतकी कमी केली. सध्याच्या २०.५ ग्रॅमच्या पुडीत मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ती १ लिटर पाण्यातच विरघळवावी. कमी पाण्यात केलेले दाट द्रावण अपायकारक ठरते आणि ही चूक घरोघरी होते. तयार द्रावण २४ तासांत संपवावे.

पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. यात पोटॅशियम नसते, म्हणून पुडीच श्रेयस्कर. दर जुलाबानंतर २ वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलि., २ ते १० वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलि. पाजतात. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करतात. अंगावरचे दूध व पेज बंद करू नये. सोबत १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात.

मूल मलूल पडले, पीत नाही, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते किंवा शौचात रक्त दिसते, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. गोड शीतपेये व बाटलीबंद फळपेये हा पर्याय नव्हे. त्यांतील जादा साखरेने जुलाब वाढतात.