दोन फोनांत अडकलात? आधी हातातला जुना फोन बघू

“या दोघांतला कुठला घेऊ?” हा प्रश्न आमच्या मोबाइलच्या दुकानात रोज येतो. मेसेजवर तुलनेच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट येतो, खाली एवढीच ओळ असते. आम्ही लगेच नाव सांगत नाही. सध्याचा फोन कुठला, त्याचा नेमका त्रास काय, नवा किती वर्षं वापरायचा आहे, असं उलट विचारतो. काहींना वाटतं, आम्ही उत्तर टाळतोय किंवा शिल्लक माल गळ्यात मारायला वेळ काढतोय. म्हणून हे माहितीपत्रक.

मधल्या किमतीचे दोन फोन कागदावर जवळजवळ जुळे असतात. दोन्हींची स्क्रीन १२० हर्ट्झची, दोन्हींचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा, बॅटरी ५००० एमएएच किंवा त्याच्या थोडी पुढे. तक्ता बघून आम्हालाही ठरवता येत नाही. तुमचा जुना फोन दोन मिनिटं बघितला तर बहुतेक वेळा ठरवता येतं.

“हँग होतो” म्हणजे नक्की काय होतं?

नवा फोन घ्यायला येणारे बरेच जण हेच कारण सांगतात, आणि त्यावरचा उपायही ठरवूनच येतात: जास्त रॅम, म्हणजे चालू असलेली ॲप्स तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी. फोटो आणि ॲप्स कायमची साठतात ते स्टोरेज वेगळं. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. समजा, एका फोनात १२ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज आहे, दुसऱ्यात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. किंमत सारखीच. बहुतेक जण १२ चा आकडा बघून पहिला उचलतात. वर्ष-दीड वर्षानं स्टोरेज भरतं आणि तोच फोन घेऊन परत येतात, तक्रारही तीच असते. मग आम्ही फोटो लॅपटॉपवर काढून देत बसतो आणि तुमचाही अर्धा दिवस जातो.

रॅम कमी पडते तेव्हाचं लक्षण वेगळं असतं. तुम्ही एखादा फॉर्म भरताय, मध्येच ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, परत आलात तर फॉर्म कोरा. मागे उघडं असलेलं ॲप फोनने बंद करून टाकलेलं असतं, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. असं सतत होत असेल तर रॅम खरंच वाढवा.

स्टोरेज भरल्यावर मात्र कॅमेरा उघडायला वेळ लागतो, फोटो काढल्यावर तो सेव्ह होईपर्यंत गोल फिरत राहतं, गॅलरीत चौकोन राखाडी दिसतात, ॲप अपडेट होता होता अडकतं. आमच्याकडे “हँग होतो” म्हणून येणाऱ्या फोनांत हीच लक्षणं जास्त दिसतात. याला कारण आहे. फोनचं स्टोरेज फ्लॅश मेमरीचं असतं, आणि तिच्यात जुन्या डेटावर थेट नवा डेटा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, पुसावा लागतो, आणि त्या ब्लॉकमध्ये कामाचं काही असेल तर ते आधी दुसरीकडे हलवावं लागतं. मोकळी जागा भरपूर असली की ही हलवाहलव मागच्या मागे होऊन जाते, तुम्हाला कळतही नाही. जागा संपत आली की ती तुमच्या डोळ्यांदेखत, तुम्ही फोटो काढत असतानाच करावी लागते. इथे १२ जीबी रॅम काहीच करू शकत नाही.

तिसरी गोष्ट प्रोसेसरची. गेम पहिली दहा मिनिटं सुरळीत चालतो, मग फोन तापतो आणि चित्र अडखळायला लागतं. तापमान आटोक्यात ठेवायला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्याचा हा परिणाम. गेम खेळत नसाल, तासन् तास व्हिडिओ एडिट करत नसाल, तर मधल्या किमतीतल्या दोन प्रोसेसरांमधला फरक रोजच्या वापरात शोधूनही सापडणार नाही. बेंचमार्कच्या, म्हणजे वेगाच्या चाचणीच्या, आकड्यांवर रात्र घालवू नका.

जाता जाता, खोक्यावर “८ + ८ जीबी रॅम” असं लिहिलेलं असतं त्याबद्दल. त्यातले दुसरे ८ जीबी रॅमचे नाहीत. स्टोरेजचाच एक भाग रॅमच्या मदतीला काढून दिलेला असतो. स्टोरेजचा वेग रॅमच्या आसपासही जात नाही, आणि तेवढी जागा तुमच्या फोटोंमधूनच कमी होते. १२८ जीबीच्या फोनात आम्ही हे सेटिंग बंद करून देतो.

घरीच बघून या

सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. किती भरलंय आणि कशानं भरलंय ते तिथे दिसतं. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये “स्टोरेज अँड डेटा” आणि त्यात “मॅनेज स्टोरेज” बघा. कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते तिथे ओळीनं लावलेलं असतं. अनेकांना ही यादी बघून पहिल्यांदा कळतं की, एकाच ग्रुपचे व्हिडिओ कितीतरी जीबींवर गेलेत.

फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप मिळून ७० जीबी झाले असतील, तर १२८ जीबीचा नवा फोन घेऊ नका. नव्या फोनात सिस्टीम आणि कंपनीची ॲप्स आधीच बरीच जागा धरून बसलेली असतात. त्यात तुमची ॲप्स आणि जुना डेटा टाकला की पहिल्याच आठवड्यात फोन भरत येतो. ४के व्हिडिओ काढायची सवय असेल तर मिनिटाला साधारण ३०० ते ४०० एमबी धरा. “मेमरी कार्ड टाकू की” म्हणाल, तर दोनपैकी कुठल्या फोनात कार्डाची सोय आहे ते आधी बघा. मधल्या किमतीच्या अनेक फोनांतून ती गेली आहे, आणि असली तरी ॲप्सचा पसारा फोनच्या स्टोरेजवरच राहतो.

कधी कधी दोन्ही फोनांची गरज नसते. स्टोरेज रिकामं केलं, बॅटरी बदलली, की जुना फोन आणखी वर्ष-दोन वर्षं नीट चालतो. ही दोन्ही कामं आम्ही करतो, आणि तसं दिसलं तर स्पष्ट सांगतोही. असे ग्राहक पुढचा फोन घ्यायला आमच्याकडेच येतात, त्यामुळे यात आमचं नुकसान नाही.

फोन बघताना तो तुमच्याच हातात राहतो. गॅलरी किंवा चॅट उघडायला आम्ही सांगत नाही, स्टोरेज आणि बॅटरी एवढी दोन पानं आम्हाला पुरतात.

फोन किती वर्षं वापरणार?

तक्त्यात शेवटी, बारीक अक्षरात असणारी अपडेटची ओळ आम्ही आधी वाचतो. एक खरी जोडी घेऊ. सॅमसंगचा गॅलेक्सी ए५५ मार्च २०२४ मध्ये आला, गॅलेक्सी ए३६ मार्च २०२५ मध्ये. नावातला आकडा बघून ए५५ वरचा वाटतो आणि अनेक बाबतींत तो आहेही: ॲल्युमिनियमची फ्रेम, जास्त ताकदीचा प्रोसेसर, वाइड अँगल कॅमेरा ८ ऐवजी १२ मेगापिक्सेलचा, आणि मेमरी कार्डाची सोय, जी ए३६ मध्ये नाही. ए३६ चं चार्जिंग ४५ वॉटचं, ए५५ चं २५ वॉटचं.

आता अपडेट बघा. ए५५ बाजारात आला तेव्हा कंपनीनं अँड्रॉइडच्या ४ नव्या आवृत्त्या आणि ५ वर्षं सुरक्षा अपडेट देऊ केल्या. ए३६ ला ६ आवृत्त्या आणि ६ वर्षं. हा काळ मॉडेल बाजारात आल्यापासून मोजला जातो, तुमच्या बिलावरच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे ए५५ ची सुरक्षा अपडेट २०२९ च्या आसपास थांबतात, ए३६ ची २०३१ च्या आसपास, मग तुम्ही फोन कधीही घ्या. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल घेताना ही वजाबाकी करायला लोक विसरतात.

तीन वर्षांनी बदलायचाच असेल तर आम्ही ए५५ सुचवू, हातात धरल्यावरच तो उजवा वाटतो. आईवडिलांना देणार असाल आणि तो बंद पडेपर्यंत वापरला जाणार असेल, तर ए३६. सुरक्षा अपडेट बंद झाल्यावर फोन चालतच राहतो, पण नव्यानं सापडलेली छिद्रं बुजवली जात नाहीत, आणि बँकेचं ॲप ज्या फोनात आहे तिथे हे आम्हाला पटत नाही.

काउंटरवर काय करून बघावं

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजू नका. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरासुद्धा रोजचा फोटो साधारण १२.५ मेगापिक्सेलचाच साठवतो. शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून एक बनवला जातो, म्हणजे कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, कॅमेरा मोजणीत धरूच नका. त्यापेक्षा दोन्ही फोन हातात घ्या, बरोबरच्या माणसाला चालायला सांगा आणि दुकानातल्या कमी उजेडाच्या कोपऱ्यात फोटो काढा. मग चेहऱ्यावर झूम करा. कुठल्या फोनात चेहरा पुसट आला आणि कुठल्यात डोळे स्पष्ट आले, हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. ओआयएस, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेणारी सोय, असलेला फोन हात थरथरत असेल तेव्हा उपयोगी पडतो. पळणाऱ्या मुलाचा फोटो मात्र ओआयएसनं सुधारत नाही.

स्क्रीनसाठी दाराबाहेर उन्हात जा. जाहिरातीतला निट्सचा, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचा, मोठा आकडा बहुधा स्क्रीनच्या छोट्या भागापुरता आणि ठरावीक व्हिडिओपुरता असतो. उन्हात नकाशा वाचता येतो का, एवढंच बघा. आमचे डेमो फोन चार्ज केलेले असतात आणि ते बाहेर न्यायला आमची ना नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. आयपी६७ हे रेटिंग म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीतल्या गोड्या पाण्यात. आयपी५४ म्हणजे फक्त उडणारे थेंब. आणि रेटिंग कितीही असलं तरी पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

नाव एक, फोन दोन

रेडमी नोट १३ प्रो या नावाचे दोन फोन निघाले. ४जीवाल्यात मीडियाटेकचा हेलिओ जी९९ अल्ट्रा प्रोसेसर आहे, ५जीवाल्यात क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ७एस जेन २. तुम्ही व्हिडिओ एकाचा बघता आणि मागता दुसरा. तसंच एकाच फोनच्या दोन स्टोरेज प्रकारांत आतली स्टोरेजची चिप वेगळी असू शकते. गॅलेक्सी एस२३ च्या १२८ जीबी प्रकारात यूएफएस ३.१ ही चिप होती, २५६ जीबीत जास्त वेगवान यूएफएस ४.०. म्हणून मेसेज करताना पूर्ण नाव, ४जी की ५जी, आणि रॅम-स्टोरेज किती, हे लिहा. उत्तर त्याच दिवशी मिळेल.

फोन घ्यायला येताना

डेटा आम्ही तुमच्यासमोर, तुम्ही थांबलेले असतानाच नव्या फोनात घेऊन देतो. यात वेळ जातो तो एकाच कारणानं: गूगल खात्याचा पासवर्ड आठवत नाही आणि खात्याला जोडलेला नंबर कधीच बंद झालेला असतो. तो आम्हाला काढून देता येत नाही. घरूनच एकदा लॉगिन करून बघा, नंबर बदलला असेल तर खात्यात नवा टाका.

दुसरं म्हणजे, व्हॉट्सॲपचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते चॅट्सच्या सेटिंग्जमध्ये बघा. हा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत मोजला जातो. ती जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो आणि तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची राहते. तसं झालं असलं तरी घाबरू नका. जुना फोन चालू असेल तर त्यातल्या “ट्रान्सफर चॅट्स” मधून क्यूआर कोड वापरून चॅट सरळ नव्या फोनात जातात. त्यासाठी जुना फोन विकायला किंवा एक्स्चेंजला देण्याआधी, रीसेट न करता आणि चार्ज करून आणा. रीसेट आम्ही शेवटी, सगळं नव्यात आलंय हे तुम्ही बघितल्यावरच करतो.