26 इंच मागे सरकणारा सुळका

‘वेग वाढला की ब्लॅकबर्ड या अमेरिकी हेरविमानाचं इंजिन बंद होतं आणि रॅमजेट (फिरत्या पात्यांशिवाय, वेगानेच हवा दाबणारं इंजिन) सुरू होतं’ असं सांगणारे व्हिडिओ बरेच फिरतात. हे अर्धंच खरं आहे. ब्लॅकबर्डचं, म्हणजे एसआर-71 चं, जे58 इंजिन शेवटपर्यंत फिरत राहतं. फक्त कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या फिरत्या पात्यांच्या) चौथ्या टप्प्यानंतरची काही हवा सहा जाड नळ्यांतून थेट आफ्टरबर्नरकडे (मागच्या बाजूला जादा इंधन जाळणाऱ्या भागाकडे) वळवली जाते. खरी कमाल आहे ती इंजिनाच्या पुढच्या हवाद्वारात.

विमान मॅक 3.2 ला (ध्वनीच्या 3.2 पट वेगाला) असलं, तरी कॉम्प्रेसरला हवा ध्वनीपेक्षा कमी वेगाचीच लागते. तिला आवरतात शॉक वेव्ह, म्हणजे हवेचा दाब एकदम वाढवणाऱ्या लाटा. हवाद्वारातल्या टोकदार सुळक्यापासून तिरप्या शॉक वेव्ह निघतात, प्रत्येकीत हवा थोडी दबते, मंदावते. शेवटची आडवी वेव्ह मात्र नळीच्या अरुंद गळ्याच्या जराशी मागेच राहायला हवी. त्यासाठी मॅक 1.6 पासून सुळका मागे सरकू लागतो, पूर्ण वेगाला तब्बल 26 इंच! तोंड जास्त हवा घेतं, गळा आवळतो.

ही वेव्ह गळ्याच्या पुढे निसटली, की क्षणार्धात तोंडाबाहेर फेकली जाते. त्या बाजूचा रेटा कोसळतो, विमान तिकडे हिसका खातं, वैमानिकाचं हेल्मेट काचेवर आदळतं. हाच तो ‘अनस्टार्ट’.

1970 च्या दशकात नासाने भावंड विमान वायएफ-12 चं हवाद्वार तीन प्रकारे तपासलं: एक-तृतीयांश प्रतिकृती, विंड टनेलमध्ये पूर्ण आकाराचं, आणि प्रत्यक्ष उड्डाणात. कारण भिंतीलगतचा संथ हवेचा थर प्रतिकृतीबरोबर त्याच प्रमाणात लहान होत नाही. रेनॉल्ड्स संख्या (हवेचा वेग आणि वस्तूचा आकार यांचं हवेच्या चिकटपणाशी असलेलं प्रमाण) बदलते. शॉक वेव्ह या थरावर आपटली की तो भिंतीपासून सुटू शकतो. नेमका कुठे सुटतो, हे सांगताना हवेतल्या भोवऱ्यांची फक्त सरासरी धरणारी संगणकीय प्रारूपं अजूनही चुकतात.

टर्बोफॅन (पुढे मोठा पंखा असलेलं जेट इंजिन) आणि रॅमजेट एकत्र आणले की गुंता वाढतो. जपानच्या हायपर प्रकल्पाने 1989 मध्ये मॅक 5 साठी असंच जोडइंजिन हाती घेतलं. फॅनकडून रॅमकडे हवा वळवताना रॅमच्या बाजूचा दाब फॅनमागच्या दाबापेक्षा वाढला, तर हवा उलटी वाहते. फॅन अडखळला, तर तो दाबाचा धक्का थेट गळ्यातल्या शॉक वेव्हला ढकलतो. म्हणून टनेलमध्ये अभियंते मागची झडप थोडीथोडी आवळत मुद्दाम अनस्टार्ट घडवतात आणि भिंतीतले दाबमापक त्या आधीचे काही मिलिसेकंद टिपून ठेवतात.