बॅलन डी'ओरवर पैसे लावायचे म्हणजे नक्की कशावर लावायचे?

२८ ऑक्टोबर २०२४. वसुबारस होती, घरात चकलीचा घाणा चालू होता आणि आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा अवॉर्ड, कोणाला मिळणार यावर बिर्याणीची पैज लागलेली. सगळे रेआल माद्रिदच्या व्हिनिसियसवर, एकटा पठ्ठ्या मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीवर, आणि तोही निव्वळ भांडायला म्हणून. रात्री जेवायच्या सुमारास लंडनच्या मावसभावाने तिकडच्या बेटिंग साइटचा स्क्रीनशॉट टाकला. दुपारपर्यंत व्हिनिसियस एवढा फेव्हरिट होता की शंभर लावून वर दहा-वीस सुटायचीही मारामार, आणि आता भाव साफ उलटा, रॉड्री वर! मॅच नव्हती, गोल नव्हता, कोणाचा गुडघा गेला नव्हता (रॉड्रीचा सप्टेंबरातच गेलेला, तो कुबड्या घेऊन स्टेजवर आला). झालं एवढंच होतं की व्हिनिसियस आणि रेआल माद्रिदची मंडळी अवॉर्डच्या कार्यक्रमाला पॅरिसला निघालीच नाहीत.

म्हणजे भाव हलला तो विमान न उडाल्यामुळे. मला तेव्हापासून या प्रकाराची जाम गंमत वाटते, कारण मॅचवरच्या सट्ट्यात निकाल अजून व्हायचा असतो, इथे तसं नाही, मतं आधीच देऊन झालेली असतात. इथे पेपर तपासून झालेत, गठ्ठा कपाटात पडलाय, कोणीतरी बेरीज करून ठेवलीय, आणि आपण बोर्डाच्या निकालावर पैसे लावतोय. कपाटाची चावी ज्याच्याकडे आहे त्याला सगळं माहीत असतं. हे असं कसं झालं त्याची गोष्ट बरीच जुनी आहे.

सुरुवात इंग्लंडातून. तिकडच्या फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेने १९४८ मध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडायला घेतला आणि पहिला मान ब्लॅकपूलच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला दिला. पुढे १९५६ मध्ये फ्रान्समध्ये 'फ्रान्स फुटबॉल' साप्ताहिकाने बॅलन डी'ओर काढला. डोकं गाब्रिएल आनोचं, म्हणजे ज्याच्या कल्पनेतून युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) निघाला तोच माणूस. मत द्यायला १६ देशांचे १६ पत्रकार, आणि पहिला विजेता परत मॅथ्यूजच, वय ४१! मॅथ्यूजला ४७ पॉइंट, दुसऱ्या नंबरवर डी स्टेफानो ४४. त्याच वर्षी डी स्टेफानोच्या माद्रिदने पहिलावहिला युरोपियन कप मारला होता, तरी तीन पॉइंटांनी गेला. कामगिरीपेक्षा माणसाबद्दलचा आदर मतात उतरतो हे पहिल्याच वर्षी दिसलं, आणि भाव काढणाऱ्याला आजही सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

पण १९५६ मध्ये ब्रिटनमधल्या साध्या माणसाला मॅथ्यूजवर रोख पैसे लावायचे म्हटले तर कायद्याने जागाच नव्हती. रेसकोर्सवर जाऊन घोड्यावर लावा, किंवा बुकीकडे खातं असेल तर फोनवरून उधारीवर लावा. गल्लीतला रोखीचा सट्टा १९०६ च्या कायद्याने बंद, त्यामुळे बुकीचे पंटर पबच्या दाराशी उभे राहून चिठ्ठ्या गोळा करायचे आणि पोलीस दिसला की पसार. फुटबॉलपुरतं जे कायदेशीर होतं ते म्हणजे पूल्स. लिटलवुड्सवाल्या जॉन मूर्सने १९२३ मध्ये मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डच्या बाहेर ४,००० कूपनं वाटली आणि परत आली ३५! धंदा बुडालाच म्हणायचा, पण पुढे त्याच पूल्सवर तो ब्रिटनमधल्या बड्या श्रीमंतांत जाऊन बसला. घरोघरी आठवड्याला कूपन भरायचं, कुठली मॅच ड्रॉ होईल त्यावर फुल्या मारायच्या. त्यात खेळाडूला किंमत नाही, स्कोअरला आहे.

मग १९६० चा कायदा आला आणि १ मे १९६१ पासून बेटिंगची दुकानं रस्त्यावर उघडली. (योगायोग बघा, साधारण त्याच सुमारास आपल्या मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालणारा आकडा बंद पडला आणि १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला. तिकडे सट्टा अंधारातून दुकानात आला, इकडे तो अंधारातच राहून मोठा झाला.)

दुकानं उघडली तरी सगळा जीव घोड्यांवर आणि कुत्र्यांच्या शर्यतींवरच होता. खेळ सोडून भलत्याच गोष्टीवर भाव काढायची खोड लावली ती लॅडब्रोक्स या बेटिंग कंपनीच्या रॉन पोलार्डने. १९६३ मध्ये मॅकमिलनने पंतप्रधानपद सोडलं तेव्हा त्याच्या जागी कोण येणार यावर पोलार्डने भाव काढले. आता ही निवडणूक कशी होती? लोकांचं मतदान नाहीच, पक्षातल्या बड्या मंडळींनी आपापसात कुजबुजून ठरवायचं, आणि नाव निघालं अॅलेक डग्लस-होमचं. म्हणजे बंद खोलीत काही माणसं काहीतरी ठरवणार आणि बाहेरचे त्यावर पैसे लावणार. मला विचाराल तर बॅलन डी'ओरच्या सट्ट्याचा खरा आजोबा हा, फुटबॉलचे पूल्स नाहीत. पुढच्याच वर्षी एका माणसाने विल्यम हिलकडे १० पौंड लावले की १९७१ च्या आत माणूस चंद्रावर उतरेल, भाव एकास हजार, आणि १९६९ मध्ये कंपनीला १०,००० पौंडांचा चेक फाडावा लागला. पण एवढी जाहिरात दहा हजारात कुठे मिळते? बुक्यांच्या लक्षात आलं की या असल्या बेटांवर पैसा फार येत नाही, पण पेपरात नाव येतं. मग मिस वर्ल्ड, ऑस्कर, बुकर, बीबीसीचा वर्षाचा खेळाडू, सगळ्यावर भाव निघायला लागले आणि फुटबॉलचे अवॉर्ड त्याच ताटात वाढले गेले. आजही मोठा पैसा शनिवार-रविवारच्या मॅचवरच असतो, अवॉर्डवर बुकी फार मोठी रक्कम घेतच नाही, आणि त्याचं कारण तेच, चावी कोणाकडे आहे ते त्याला माहीत नसतं.

यातला सगळ्यात विचित्र नमुना म्हणजे इंग्लंडमधला पीएफएचा, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेचा, अवॉर्ड. १९७४ पासून देतात, पहिला लीड्सचा नॉर्मन हंटर, आणि मत देतात खुद्द खेळाडू. ड्रेसिंग रूममध्ये फॉर्म येतात, हे लोक भरून टाकतात, आणि वर्षानुवर्षं हे मतदान सीझन संपायच्या कितीतरी आधी व्हायचं, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये कोणी पेटला तर त्याचा उपयोग शून्य. २००९ मध्ये तो रायन गिग्सला मिळाला, तेव्हा त्या सीझनमध्ये तो लीगच्या जेमतेम १२ मॅचेसमध्ये सुरुवातीपासून खेळलेला! आकडेवारी घेऊन बसलेल्याने काय करायचं? मॅथ्यूजचंच परत, इतकी वर्षं खेळतोय, देऊन टाका बिचाऱ्याला. आणि मुद्दा असा की मत देणारे शेकडो लोक स्वतः याच धंद्यातले, प्रत्येकाला निदान आपल्या ड्रेसिंग रूमचा कल माहीत. १ ऑगस्ट २०१४ पासून एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना जगभरातल्या कुठल्याही फुटबॉलवर बेट लावायला सरसकट बंदी केली, आतली माहिती बाहेर देणंही त्यातच आलं. ते किती मनावर घेतात ते इंग्लंडच्या किएरन ट्रिपियरला विचारा. स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिद क्लबात जायच्या वेळी मित्रांना ट्रान्सफरची बातमी सांगितली, त्यांनी त्यावर बेट लावले आणि डिसेंबर २०२० मध्ये याला १० आठवड्यांची बंदी. ट्रान्सफर काय किंवा अवॉर्ड काय, जात एकच, कोणालातरी आधीच माहीत असलेली गोष्ट.

बॅलन डी'ओरचं दुखणं अजून वेगळं, तिथे नियमच बदलत राहतात. १९९५ पर्यंत फक्त युरोपियन खेळाडू, म्हणून पेले-मॅराडोना यादीतच नाहीत. त्या वर्षी युरोपातल्या क्लबांमध्ये खेळणाऱ्या सगळ्यांना दार उघडलं आणि लगेच लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. २००७ पासून जगभरातला कोणीही. मग २०१० मध्ये फिफाबरोबर लग्न लागलं आणि पत्रकारांच्या जोडीला प्रत्येक देशाचा कॅप्टन आणि कोच मत द्यायला लागले, आपल्या भारताचेसुद्धा. पहिल्याच वर्षी घोळ. इंटर मिलानबरोबर तीन ट्रॉफ्या आणि नेदरलँड्सबरोबर वर्ल्ड कपची फायनल एवढं करून वेस्ली स्नायडर चौथा आला, मेस्सी पहिला. फक्त पत्रकारांची मतं मोजली असती तर स्नायडर जिंकला असता. म्हणजे स्नायडरवर ज्याने पैसे लावले त्याचा खेळाडूचा अंदाज बरोबर होता, मतदारांचा चुकला.

आणि २०१३ तर कळसच. मतदानाची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर. रिबेरीने बायर्नबरोबर सगळं जिंकलेलं, गडी खुशीत. फिफाने मुदत वाढवून २९ नोव्हेंबर केली, मतं कमी आली म्हणून म्हणे, आणि आधी मत दिलेल्यांना ते बदलायचीही मुभा. मधल्या काळात १९ तारखेला रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध हॅटट्रिक मारून पोर्तुगालला वर्ल्ड कपला नेलं. निकाल रोनाल्डो २७.९९ टक्के, मेस्सी २४.७२, रिबेरी २३.६६. आता रिबेरीवर पैसे लावलेल्याने कोणाच्या नावाने बोटं मोडायची? मॅच चालू असताना गोलपोस्ट हलवतात म्हणतात ना, ते यांनी खरंच करून दाखवलं.

२०१६ मध्ये फारकत झाली, परत फक्त पत्रकार. २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन अवॉर्डच रद्द केला, बायर्नच्या लेवांडोव्स्कीचा घास तोंडाशी आलेला. २०२२ पासून कॅलेंडर वर्षाऐवजी सीझन धरतात आणि मत फक्त फिफा रँकिंगमधल्या पहिल्या १०० देशांच्या पत्रकारांना, त्यामुळे २०२४ मध्ये आपल्याला मत नव्हतंच, आपला नंबर तेव्हा १२० च्या पलीकडे.

आता त्या रात्रीकडे येतो. २०२४ पासून प्रत्येक पत्रकाराने पाचऐवजी दहा नावं द्यायची, पहिल्याला १५ पॉइंट, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, असं उतरत दहाव्याला १. निकाल रॉड्री ११७०, व्हिनिसियस ११२९. फरक ४१. 'फ्रान्स फुटबॉल'च्या संपादकाने नंतर सांगितलं की बेलिंगहॅम आणि कार्वाहाल हे माद्रिदचेच दोघं वर असल्याने व्हिनिसियसचे पॉइंट त्यांच्यात वाटले गेले असावेत. आणि हेही सांगितलं की निकाल आधी कोणालाच, खेळाडूला नाही की क्लबला नाही, सांगितला नव्हता. मग माद्रिदला कसं कळलं? संपादकाचं म्हणणं विजेत्याला आधी कळवत नाहीत, आणि न कळवणं हीच माद्रिदला खूण वाटली असेल कदाचित. पण बाजाराला खुणेशी मतलब, क्लबच येत नाही म्हटल्यावर तासाभरात पेपर फुटल्यासारखं झालं. मावसभाऊ म्हणाला रॉड्रीवर लावायला गेलो तर भाव आधीच संपलेला, दहा पौंडांवर चहाचे पैसेही सुटत नव्हते.

इथे बसून आपण हे फक्त बघायचं, हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यातून घोड्यांची रेस तेवढी सुटते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदीचा कायदाच केला. आमच्या ग्रुपचं चलन बिर्याणी, आणि ती त्या एकट्या पठ्ठ्याने पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वसूल केली, वर रायता वेगळा.

पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ ला, सगळे शहाणे होऊन परत विमानांवर लक्ष ठेवून बसले. आणि फेव्हरिट डेम्बेलेच्या पीएसजी क्लबची टीम कार्यक्रमाला आलीच नाही! ग्रुपवर दोघांनी लगेच बार्सिलोनाच्या यमालवर पलटी मारली. पण टीम आली नाही कारण पावसाने मार्सेची मॅच रविवारची सोमवारवर गेलेली, नेमकी कार्यक्रमाच्याच वेळी. डेम्बेले जखमी होता, त्याला मॅच नव्हती, तो सूट घालून पॅरिसमध्येच पहिल्या रांगेत बसलेला. तीनशेहून जास्त पॉइंटांनी जिंकला आणि आई स्टेजवर आल्यावर रडला. तिकडे मार्सेत पीएसजी १-० ने हरली, त्यावर मात्र आमच्यातल्या कोणी काहीच लावलं नव्हतं.